नकाशातले पांढरे चौकोन

घरामागच्या भातखाचरांत परवा पाणी सोडलं. जपानात, त्सुकुबाला येऊन बरीच वर्षं झाली, तरी दर एप्रिलअखेरीला हे अचानक घडल्यासारखं वाटतं. आदल्या दिवशी नांगरलेली कोरडी ढेकळं असतात, आणि सकाळी पडदा सारावा तर खाली आभाळ पसरलेलं. पलीकडच्या डोंगराची दोन्ही शिखरं त्यात उलटी. बेडकांना निरोप कोण देतं कोण जाणे, त्याच संध्याकाळी त्यांची बैठक सुरू होते. येणारेजाणारे सायकली थांबवून फोटो काढतात. माझा नवरा, अभय, दरवर्षी त्याच खिडकीतून तोच फोटो काढतो आणि पुण्याला त्याच्या आईला पाठवतो. मी त्याच्या शेजारी उभी राहून हे पाणी आत आलं कुठून आणि बाहेर जाणार कुठून, ते शोधत असते.

एवढं पाणी एका जागी दिसलं की मला संशय येतो. तसा मला कशाचाही येतो. दुधाच्या डब्यावर तारीख छापलेली असते, तरी मी वास घेतल्याशिवाय चहात घालत नाही. कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा फार वाकून आभार मानायला लागला की मी सुटे पैसे पुन्हा मोजते. "दाइजोबु," सगळं ठीक आहे, असं इथे कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. अभय म्हणतो, तुला पगार मिळतो तो संशय घेण्याचाच. ते मात्र खरं आहे. मी एका छोट्या कंपनीत नकाशे तपासते. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून जमिनीचे उंचसखल नकाशे आम्ही तयार करतो. उंची यंत्र काढतं, पण खाली दिसतंय ते शेत आहे, बाग आहे, छप्पर आहे की नुसती वाळू, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. आणि ठरवलेलं बरोबर आहे का, हे मला बघावं लागतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत, खिडकीबाहेर असंच पाणी तुडुंब असताना, आमच्या टेबलावर वाळवंट आलं होतं.

दूरच्या कुठल्याशा देशातला तो ओसाड मुलूख. कालवा काढून तिथे शेती केली होती, आणि आता तिथल्या जमिनीतून जादा पाणी बाहेर काढण्यासाठी चर कुठून खणायचे ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. नकाशा देखणा होता, हे मी नाकारत नाही. फिक्या पिवळ्या जमिनीवर तपकिरी उंचीच्या रेषा, एकमेकींपासून लांब लांब, कारण सगळाच प्रदेश सपाट. त्या रेषांच्या कलाने जाणारा निळा कालवा. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार वर्तुळं, कासाराने बांगड्या मांडून ठेवाव्यात तशी. चाकांवरचा लांबलचक नळ शेताच्या मध्याभोवती गोल फिरत पाणी शिंपतो, म्हणून ही शेतं गोल. ऑफिसातली तरुण मंडळी येऊन त्या चित्राला "किरेई, किरेई" म्हणून जायची. सुंदर आहे, सुंदर आहे. मी मनात म्हणायची, इतक्या वाळूत इतकं हिरवं? वर्तुळांनी पिऊन उरलेलं पाणी गेलं कुठे?

ते कुठे गेलं असावं, हे मला कालव्याच्या शेपटीशी दिसलं. तिथे एक उंचीची रेषा स्वतःभोवती मिटली होती आणि तिला आतल्या बाजूने बारीक दाते होते. म्हणजे तो खोलगट भाग. आणि त्या खोलग्यात ओळीने पांढरे चौकोन. वाऱ्याने उडालेल्या धुळीमुळे चित्र तिथे जरा धूसर होतं. आमच्या मुलांनी त्या चौकोनांवर बिनधास्त खूण केली होती: प्लॅस्टिकची घरं. आपल्याकडे पॉलीहाऊस म्हणतात ती.

त्यांचं बरोबरच होतं म्हणा. इथून समुद्राकडे गाडी काढली की दुतर्फा खरबुजांची पॉलीहाऊसं लागतात. आकाशातून ती पांढऱ्या चौकोनांसारखीच दिसतात. इथे वाढलेल्या डोळ्यांना शेतात पांढरा चौकोन दिसला की आत खरबूज दिसणारच.

माझे डोळे मात्र सांगलीकडचे आहेत. नदीकाठची काळी जमीन, ऊसच ऊस, आणि पाणी नको तितकं. जिथे सखल, तिथे पाणी मुरतं, साचतं, खालचं मीठ वर घेऊन येतं, आणि काही वर्षांत रान पांढरं पडतं. क्षारपड. लहानपणी शाळेच्या वाटेवर असं एक रान होतं. आम्ही त्यावरून मुद्दाम चालायचो, कारण पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. ते रान कुणाचं होतं ते आठवत नाही. त्यात कधी कुणी माणूस दिसायचा नाही एवढं आठवतं.

आमच्या ऑफिसात तपासणीची एक रीत आहे. नकाशा बाहेर पडण्याआधी दोघांनी शेजारी बसायचं, एकाने खूण मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तिच्यावर बोट रोखून तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "योशी!" ठीक आहे. स्टेशनवर गाडी सुटताना गार्ड बोट दाखवून ओरडतो ना, तेच. सुरुवातीला मला हसू यायचं. मग कळलं की बोट रोखलं आणि तोंडाने बोललं की डोळ्यांना डुलकी घेता येत नाही. माझे जोडीदार होते मोरिता-सान. निवृत्तीला आलेले, किडकिडीत, ओठांतल्या ओठांत बोलणारे. पण "योशी" मात्र अशी खणखणीत, की शेजारच्या खोलीतले लोक दचकावेत.

"प्लॅस्टिकची घरं," त्यांनी वाचलं.

मी बोट रोखलं आणि गप्प बसले.

"पाटील-सान?"

"मोरिता-सान, ही घरं नाहीत. हे मीठ आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्राच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "सो देसु ने." याचा शब्दशः अर्थ 'तसं आहे खरं', पण या देशात हे होकारार्थी म्हणतात की नकार गिळताना, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

"मीठ असं चौकोनी पसरतं का?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे पसरतं. बांध असतो ना, त्याच्यापर्यंत येतं आणि थांबतं. आणि जागा बघा तुम्ही, सगळ्यात खोल. वरची एवढी वर्तुळं पाणी पितायत, ते झिरपून इथेच येणार. आमच्याकडे असंच होतं."

मी त्यांना सांगितलं की इथे घरं दाखवली तर चर या खोलग्याला वळसा घालून जाईल. चांगली चाललेली पॉलीहाऊसं कोण उकरेल? आणि तिथे खरोखर मीठ असेल, तर त्या शेवटच्या माणसांची जमीन कायमची गेली. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. इथे आवाज चढवणं म्हणजे चपला घालून चटईवर जाण्यासारखं. मोरिता-सानांनी तो कागद बाजूला ठेवला आणि त्या मुलखातल्या लोकांना निरोप धाडला, की जाऊन बघा आणि फोटो पाठवा.

मग वाट बघणं आलं. त्या दिवसांची चव अजून माझ्या जिभेवर आहे. बाहेर खाचरांत रोपं लावली जात होती, छोटं यंत्र पाण्यातून तुरुतुरु जायचं आणि मागे हिरव्या टाक्यांची रांग राहायची. सगळ्या हवेला चिखलाचा वास. आणि मी सायकलवरून ऑफिसला जाताना प्रत्येक गोष्टीकडे तिरक्या नजरेने बघत होते. लोक माझ्याशी जास्तच गोड वागतायत असं वाटायचं. कुणी माझ्या टेबलावर गावाहून आणलेली मिठाई ठेवली, तर मी ती घरी नेली आणि अभयला आधी खायला लावली. मोरिता-सान जेवणाच्या सुट्टीत एकटेच तो कागद पुढ्यात घेऊन बसायचे. पुसणार, मला वाटायचं. मी घरी गेले की गुपचूप खूण पक्की करणार. एकदा मी छत्री विसरल्याचं निमित्त करून परत गेले. ते नखं कापत होते.

त्या वाळवंटातल्या शेवटच्या शेतकऱ्याची मला खरंच काळजी लागली होती. मी त्याला नावगाव नसताना ओळखायला लागले होते. तो सकाळी पट्टीच्या कडेला उभा राहतो, पायाने पांढरा पापुद्रा मोडतो, घरी जाऊन काही सांगत नाही. लेक ईरा एकदा म्हणाली, "ममा, यू डोन्ट ईव्हन नो हिम." मग ती जपानीत आणखी काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकू न आल्यासारखं केलं.

रविवारी दुपारी माझा धाकटा भाऊ महेश गावाकडून व्हिडिओ कॉल करतो. इथे दुपार असते तेव्हा तिथे सकाळ, तो रानातच असतो. त्या दिवसांतही कॉल यायचे, आणि मी ते अर्ध्या लक्षानेच घ्यायचे.

"ताई, ऊस बघ की! कसा आलाय. डोक्याच्या वर गेला."

"झकास. आईच्या पट्टीत काय लावलंस?"

"भुईमूग हाय. बाकी, ईराची परीक्षा झाली का?"

आईची पट्टी म्हणजे आमच्या रानाचा खालचा, ओढ्याकडचा तुकडा. घरच्यापुरती भाजी आई तिथे करायची. वांगी, गवार, हिवाळ्यात हरभरा, आणि कडेला तिच्या हातचं शेवग्याचं झाड. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. ती गेली तेव्हा मला विमान वेळेवर मिळालं नाही. त्यामुळे मनात अजून ती त्या पट्टीतच वाकून काहीतरी खुडत असते, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे.

फोटो आले त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मोरिता-सान स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वाळूच्या खोलग्यात ओळीने प्लॅस्टिकची घरं. ताणलेलं, पांढरं, धुळीने माखलेलं प्लॅस्टिक. आत काकड्यांचे वेल. एका घराच्या दारात एक जाडगेला माणूस हातभर काकडी धरून कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. मी तो फोटो मोठा करून बघितला. हा दुसऱ्याच जागेचा नसेल कशावरून? मोरिता-सानांनी त्या माणसाच्या मागच्या टेकाडावर बोट ठेवलं, मग नकाशातल्या रेषांवर. तंतोतंत. खोलग्यात घरं का, तर वारा लागत नाही म्हणून. वाऱ्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

ते जिंकल्यासारखं काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते लॅपटॉप मिटवून ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पाटील-सान, तुम्ही दर वेळी 'आमच्याकडे' म्हणत होतात. तुम्ही नक्की कुणाचं शेत बघत होतात?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. जागेवर बसून मी नकाशावर बोट रोखलं, "योशी" म्हटलं, आणि माझा आवाज बारीक निघाला.

घरी जाताना मी खाचरांच्या कडेला सायकल थांबवली. रोपं मुळं धरू लागली होती. तिथे उभ्या उभ्या महेशचे सगळे कॉल मला ओळीने आठवायला लागले. तो नेहमी विजेच्या एकाच खांबापाशी उभा असतो. उजव्या हाताला ऊस. फोन कधी डावीकडे वळत नाही. आणि डावीकडे उतार आहे, उताराला आईची पट्टी आहे. जगभरच्या जमिनी तपासणारी मी, मला दर रविवारी एकाच कोपऱ्यातून एकच चित्र दाखवलं जात होतं आणि मी झकास म्हणत होते.

मी तिथूनच फोन लावला.

"महेश, खाली पट्टीत जा. बघायचीय."

"तिकडं रेंज न्हाई गं. आणि मोकळीच हाय औंदा, काय बघायचंय त्यात?"

"भुईमूग होता ना?"

तो घाईने म्हणाला, व्हिडिओ काढून पाठवतो. थोड्या वेळाने पाठवलाही. हिरवागार भुईमूग, कडेला आंब्याचं झाड. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. आमच्या पट्टीच्या कडेला आंबा कधीच नव्हता. मी परत फोन केला आणि एवढंच म्हणाले, "शेवगा दाव."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग आप्पांचा आवाज. माझे वडील फोनवर फारसे येत नाहीत, आले की लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलतात. "त्याला बोलू नगंस. मीच सांगितलं हुतं त्याला, दावू नगं म्हणून."

"का पण, आप्पा?"

"आईचं रान हाय ते. तू तिथं एकटी. घोर लागंल तुला." मग फोन बाजूला धरून ते महेशला म्हणाले, "जा, दाव तिला."

चित्र हलत, तुटत, अडकत उताराने खाली गेलं. आणि मग पांढरं. साखरेचं पोतं सांडावं तसं, बांधापर्यंत येऊन थांबलेलं. महेशच्या पायाखाली तो पापडाचा आवाज मला इतक्या लांब ऐकू आला. शेवग्याच्या जागी वाळलेला सोटा उभा होता. मी रस्त्यावर रडले, अगदी मोठ्याने, आणि शेजारून जाणाऱ्या बाईने सायकलचा वेग वाढवला.

आप्पा म्हणाले, "रानाला पाणी आलं तवा गावभर पेढं वाटलं हुतं की गं आपण." उसाला पाणी देताना खाली काय होतंय ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ज्याची इतकी वाट बघितली, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? आमच्या घरात ते काम करणारी एकच, आणि ती परदेशात वाळवंटाची चौकशी करत बसली होती.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. मी आमच्या रानाचा नकाशा काढला. आयुष्यातला सगळ्यात छोटा. महेशने गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन उतार मोजला, मी इथून त्याला दहादा खोटं पाडलं, त्याने मला वीसदा फोनवर झापलं. मोरिता-सानांना मी तो कागद दाखवला. त्यांनी प्रत्येक रेषेवर बोट ठेवलं, ओढ्यापाशी थांबले, आणि पहिल्यांदाच "योशी" न म्हणता विचारलं, "आईंची जमीन?" मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि पुढची रेषा घेतली. हिवाळ्यात पट्टीखालून भोकाभोकांचे पाईप गाडले गेले आणि त्यांचं तोंड ओढ्याच्या कडेला काढलं. यंदा मार्चअखेर मोरिता-सान निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला त्यांचं भिंग दिलं. मी घरी येऊन ते उन्हात धरून बघितलं, तडा नव्हता.

परवाचा रविवार. अभयचा फोटो काढून झाला होता. मी खाचरांच्या कडेला जाऊन उभी राहिले, कारण मला घरात बसवेना. त्या दिवशी आमच्या पट्टीला पहिल्यांदा मुद्दाम गोडं पाणी दिलं होतं. ते जमिनीत मुरून, मीठ विरघळवून, पाईपातून बाहेर पडायला हवं होतं. बाहेर येणारं पाणी गोडंच निघालं, तर ते कुठल्यातरी भेगेतून नुसतं वाहून आलं, मीठ जागच्या जागी, सगळी खटपट फुकट. खारट निघालं, तर आईची पट्टी धुतली जात होती.

महेश ओढ्यात उतरला होता. पाईपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. त्याने ओंजळ धरली, तोंडात घेतली आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

"खारट हाय, ताई! लई खारट!"

"आप्पांना दे," मी म्हणाले.

"अगं, मी सांगतोय की—"

"तू भुईमूग पण सांगितला होतास. आप्पांना दे."

आप्पा काठी टेकत कडेला आले, वाकले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, आणि जोरात थुंकले. "नुसतं मीठच हाय की हे," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

माझ्या पायाशी खाचराच्या तोटीतून पाणी आत पडत होतं. तिथे, फोनमध्ये, पाणी बाहेर पडत होतं. मी काचेवरच्या त्या बारीक धारेवर बोट रोखलं, नीट बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि शेजारच्या खोलीतले लोक दचकावेत अशा आवाजात म्हणाले, "योशी!"